कोकणात पाळीव कुत्रे कोण चोरते आणि कशासाठी?
अंगणातल्या गावठी कुत्र्याला सहसा धोका नसतो. चोरांचा डोळा असतो तो लॅब्राडोर, पग अशा विकत घेतलेल्या जातींवर, कारण नसबंदी न झालेला असा कुत्रा पिल्लांच्या धंद्याला उपयोगी पडतो किंवा कागदपत्रे न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला लगेच खपवता येतो. बिस्किटाची लालूच दाखवायची, गडग्याचे बेडे (दगडी कुंपणाच्या वाटेतले आडवे बांबू) सरकवायचे आणि गळ्यातला पट्टा वहाळात टाकून कुत्र्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवायचे, एवढ्यावर काम भागते. बक्षीस जाहीर होताच ‘सापडला’ म्हणून तोच कुत्रा घेऊन येणारेही असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ही चोरीच असल्यामुळे पोलीस ठाण्यात ‘हरवला’ अशी नोंद न करता, लसीकरणाचे कार्ड आणि अंगावरच्या खुणांचे फोटो जोडून चोरीचीच फिर्याद द्यावी.