वाचकांचे प्रश्न : लिंकनशायरचे खापरपणजोबा

प्रश्न : माझ्या आजीच्या माहेरच्या बायबलमध्ये पहिल्या कोऱ्या पानावर तिच्या आजोबांचे नाव आणि त्यापुढे ‘लिंकनशायर, १८३१’ एवढेच लिहिलेले आहे. ते जी. आय. पी. रेल्वेत फिटर म्हणून भुसावळला आले, इकडेच त्यांचे लग्न झाले आणि इकडेच ते वारले. इंटरनेटवर शोधताना त्याच नावाच्या मुलाची १८३१ मधील बाप्तिस्म्याची नोंद लिंकनशायरच्या एका खेड्यात सापडली. हेच आमचे पूर्वज समजावेत काय? त्यांच्या वडिलांचे मृत्युपत्र कोठे मिळेल? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : केवळ नाव आणि साल जुळले म्हणून तसे समजू नये. आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत एका कुळाच्या पिढ्या एकाखाली एक सापडतात. इंग्लंडमधील पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाच्या, नोंदवहीत मात्र बाप्तिस्मा, लग्न आणि दफन हे प्रसंग तारखेनुसार उतरवलेले असतात आणि त्यांतून कुटुंब जुळवण्याचे काम शोधणाऱ्यालाच करावे लागते. त्यातच त्या काळी मुलांना ठेवण्याची नावे मोजकीच असल्यामुळे एकाच कौंटीत (लिंकनशायरसारख्या इंग्लंडमधील जिल्ह्यात), एकाच साली, एकाच नावाची तीन-चार मुले सापडणे मुळीच नवलाचे नाही.

म्हणून शोधाची सुरुवात इकडूनच करावी. मुंबई इलाख्यातील पाद्री आपल्याकडील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती पाठवीत व त्या पुढे लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. आपल्या खापरपणजोबांच्या लग्नाची नोंद तेथे मिळाली, तर तीत बहुधा त्यांच्या वडिलांचे नाव असेल. लोहमार्ग खानदेशात १८६०च्या दशकात पोहोचला, त्यामुळे लग्न त्यानंतरचे धरून शोधावे. वडिलांचे नाव हाती आले की १८५१ची इंग्लंडची जनगणना पाहावी, कारण तीत प्रत्येकाचे जन्मगाव लिहिलेले आहे; १८४१च्या जनगणनेत केवळ त्याच कौंटीत जन्म झाला की नाही, एवढेच विचारले होते.

आता आपल्याला सापडलेल्या नोंदीविषयी. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या छापील तक्त्यांच्या झाल्या आणि त्यांत आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण व वडिलांचा व्यवसाय असे रकाने आले. आपण पाहिली ती केवळ सूची असेल, तर मूळ पानाचे छायाचित्र अवश्य मिळवावे, कारण व्यवसायाचा रकाना सूचीत अनेकदा गळतो आणि वडील लोहार होते की शेतमजूर, यावरच पुढे बापलेकांची ओळख पटते. मूळ वही फाटलेली अथवा हरवलेली असेल, तर बिशपकडे दरवर्षी पाठवल्या जाणाऱ्या नकला पाहाव्यात. ही पद्धत १५९८ पासून होती. त्यानंतर त्याच गावाची दफनाची वही पुढील दहा वर्षांपर्यंत वाचावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके हेच बहुतेक जण टाळतात. पण ते मूल दोन वर्षांचे असतानाच पुरले गेले असेल, तर त्याच्यापासून आपले घराणे काढण्यात अर्थ नाही. घरातील कोणी मेथॉडिस्ट, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे, असल्यास बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत नसून त्या पंथाच्या चॅपेलच्या (प्रार्थनाघराच्या) वहीत असू शकतो, आणि लिंकनशायरमध्ये मेथॉडिस्ट पुष्कळ होते.

मृत्युपत्राचे म्हणाल, तर १२ जानेवारी १८५८ ही तारीख लक्षात ठेवावी. तिच्या आधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मान्यता, देण्याचा अधिकार धर्मपीठाच्या न्यायालयांकडे होता. लिंकनच्या बिशपच्या न्यायालयातील मृत्युपत्रे लिंकनशायरच्या अभिलेखागारात, तर कँटरबरीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयातील मृत्युपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पसरलेली असली, की प्रकरण वरिष्ठ न्यायालयात जाई. त्या तारखेनंतर सर्व कारभार सरकारकडे आला आणि दरसाल छापील सूची निघू लागली. तीत मयताचे नाव, मृत्यूची तारीख व ठिकाण, व्यवस्थापकाचे नाव आणि मालमत्तेची किंमत एवढे मिळते.

शेतमजूर मृत्युपत्र क्वचितच करीत, त्यामुळे वडिलांचे मिळाले नाही तर तेवढ्यावर शोध थांबवू नये. माझ्या मते खरी माहिती निपुत्रिक काकांच्या आणि अविवाहित आत्यांच्या मृत्युपत्रांत असते, कारण अशी माणसे पुतणे आणि भाचे नावानिशी मोजतात, आणि ‘सध्या हिंदुस्थानात असलेला पुतण्या’ अशा अर्थाचा एखादा उल्लेख आढळला, तर बाप्तिस्म्याच्या दहा नोंदींनी जे सिद्ध होत नाही ते त्या एका ओळीने होते. एखाद्या मुलाला केवळ एक शिलिंग ठेवलेला दिसला, तर बापाने त्याला रागाने तोडले असे लगेच म्हणू नये. पुष्कळदा त्या मुलाची वाटणी आधीच झालेली असे आणि त्याचा विसर पडलेला नाही, हे दाखवण्यापुरता तो शिलिंग असे.

प्रश्न : माझा मुलगा सफोकमधील एका जुन्या घरात राहतो. त्या घराच्या पूर्वीच्या मालकाचे मृत्युपत्र नोव्हेंबर १७४१ मध्ये केलेले आहे आणि त्याला प्रोबेट फेब्रुवारी १७४१ मध्ये मिळालेले आहे. नकलनवीस चुकला असावा काय? — एक वाचक, धुळे

उत्तर : नकलनवीस चुकलेला नाही. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कागदोपत्री नवे वर्ष २५ मार्चला लागत असे, त्यामुळे नोव्हेंबर १७४१ नंतर येणारा फेब्रुवारीही १७४१चाच धरला जाई; आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७४२चा आहे. १ जानेवारीपासून वर्ष धरण्यास १७५२ मध्ये सुरुवात झाली आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्यापूर्वीची जानेवारी ते २४ मार्चमधील कोणतीही तारीख उतरवून घेताना १७४१/४२ अशी दोन्ही साले लिहावीत, म्हणजे दफनाची तारीख मृत्युपत्राशी ताडून पाहताना घोटाळा होणार नाही.