टीव्हीवरची जाहिरात पाहून वडील कपाशीच्या एकाच वाणासाठी रांगेत का उभे राहतात?

भाऊ, चोपडा तालुक्याच्या गावी (जळगाव जिल्हा) दुकानात इतर वाणं पडून असताना वडील टीव्हीत पाहिलेल्याच वाणासाठी उन्हात उभे राहतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना भोळं समजू नका. बीजी-2 म्हणजे बोंडअळीविरुद्ध जनुकं घातलेली कपाशी; तिच्या बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. 2025 च्या हंगामात ती 901 रुपये होती. बोंडअळीविरुद्धची दोन जनुकंही सगळ्या कंपन्यांच्या बीजी-2 मध्ये तीच. म्हणजे विकायला उरतं ते मुख्यतः नाव. ते मे महिन्यात रोज कानावर पडलं की ओळखीचं होतं, आणि ओळखीचं ते भरवशाचं वाटतं. त्यात माल कमी आला की रांग लागते, आणि रांग पाहून शेजारचा गावही तेच वाण मागतो.

खरी फसगत होते ती लगडलेल्या झाडाच्या फोटोत. वडिलांसोबत कागद घेऊन बसा. 4 बाय 2 फुटांवर एकरी साधारण 5,445 झाडं बसतात. झाडाला 100 बोंडं, बोंडाला 4 ग्रॅम कापूस धरला तर एकरी जवळपास 22 क्विंटल होतो. तेच सरासरी 35 बोंडं धरा, साडेसात क्विंटल. नांग्या पडल्या, म्हणजे मधली झाडं उगवली नाहीत किंवा मेली, तर त्याहून कमी. फोटोतलं झाड तापीकाठच्या काळ्या जमिनीतलं, ठिबकवरचं असेल आणि तुमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, हलकं, कोरडवाहू असेल, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. आपल्यासारख्याच जमिनीत कुणी ते वाण घेतलं असेल त्याला गेल्या वर्षीचा एकरी उतारा विचारा. 'गुलाबी बोंडअळीची चिंता नको' असा दावा तर मुळीच धरू नका. ही अळी दोन्ही जनुकांना सरावली आहे.

पाकिटावर उगवण किमान 75 टक्के लिहिलेली असते, ती घरी तपासता येते. 100 बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, आठवड्याने कोंब मोजा. बियाण्याला औषध लावलेलं असतं, हात धुवा.

पक्कं बिल, टॅग, रिकामी थैली आणि मूठभर बी हंगामभर जपा. बी उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा मागा, शेत मोडायच्या आधी. बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलंय, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. वडील तरीही अडून बसले तर अर्ध्या रानात त्यांचं वाण लावा, अर्ध्यात दुसरं, आणि वेचणीला दोन्हींचं वजन वेगळं लिहा.