अमेरिकेतल्या न्यूज चॅनेलनं विरुद्ध विचारांचा माणूस नेमला की प्रेक्षक एवढे का चिडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएसएनबीसीसारखी डावीकडे झुकलेली वाहिनी अधूनमधून उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या माणसांना कामावर घेते, मग तिचे जुने प्रेक्षक भडकतात, ‘आता टीव्ही बंद’ म्हणतात. या लोकांना वेगळं मत ऐकायचंच नसतं का? आणि त्यांच्या रागानं वाहिनीला काही फरक पडतो का?

मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं राहतोय आणि जवळजवळ तितकीच वर्षं संध्याकाळी ही वाहिनी बघतोय. (नोव्हेंबर २०२५पासून तिचं नाव ‘एमएस नाउ’ झालंय, पण आमच्या घरात अजून जुनंच नाव चालतं.) चिडणाऱ्यांमध्ये मीही होतो, त्यामुळे हे उत्तर बाहेरून बघणाऱ्याचं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी ‘नाही’ असं देईन. त्यासाठी दोन माणसं शेजारी ठेवून बघा. मायकेल स्टील आणि रॉना मॅकडॅनियल. दोघंही एकाच खुर्चीत बसलेले: रिपब्लिकन नॅशनल कमिटीचं, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं, अध्यक्षपद. स्टील २००९ ते २०११, मॅकडॅनियल २०१७ ते मार्च २०२४. स्टील पद सुटल्यावर त्याच वर्षी एमएसएनबीसीवर विश्लेषक म्हणून आले आणि टिकले. मे २०२५मध्ये तर संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाचे एक सूत्रसंचालक झाले. मॅकडॅनियल यांची नेमणूक एनबीसी न्यूजनं (एमएसएनबीसी तेव्हा याच समूहात होती) २२ मार्च २०२४ला जाहीर केली आणि २६ मार्चला रद्द. पक्ष तोच, पद तेच, प्रेक्षकही बऱ्याच अंशी तेच. मग फरक कशात होता?

नोव्हेंबर २०२०मध्ये, ट्रम्प हरले त्या निवडणुकीनंतर. मिशिगनमधल्या वेन काउंटीत, म्हणजे डेट्रॉइट शहर ज्यात येतं तिथे, मतमोजणीवर शिक्कामोर्तब करणाऱ्या मंडळातल्या दोन रिपब्लिकन सदस्यांना ट्रम्प आणि मॅकडॅनियल यांचा फोन गेला होता. कागदावर सही करू नका, असा दबाव त्या फोनवर आणला गेला, हे पुढे ध्वनिमुद्रणाच्या आधारे ‘डेट्रॉइट न्यूज’नं छापलं. लाखो लोकांची मतं मोजून झाल्यावर ती मोजलीच नाहीत असं करण्याचा तो प्रयत्न होता. ज्या प्रेक्षकांनी त्या हिवाळ्यात रोज रात्री याच वाहिनीवर काउंटी-काउंटीचा हिशेब ऐकला होता, त्यांनाच आता हा समूह सांगत होता की या बाई आमच्याकडे निवडणुकीचं विश्लेषण करणार.

त्यात २४ मार्चला एनबीसीच्या ‘मीट द प्रेस’ या मुलाखतींच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक क्रिस्टन वेल्कर यांनी मॅकडॅनियल यांची मुलाखत घेतली. बायडन रीतसर निवडून आले, असं मॅकडॅनियल तिथे म्हणाल्या. मग आधी वेगळं का बोलत होतात? तर पक्षाध्यक्ष असताना संघासाठी काही गोष्टी सोसाव्या लागतात, आता मला जरा अधिक मोकळेपणानं बोलता येईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मी ती मुलाखत स्वयंपाकघरात उभ्यानं बघत होतो आणि त्या उत्तराला हातातलं काम थांबलं. पगार देणारा बदलला म्हणून सत्य बदललं, असंच मला ते ऐकू आलं. उद्या इथेही मालकाला हवं ते बोलणार नाहीत कशावरून?

त्याच कार्यक्रमात थोड्या वेळानं तिथले आधीचे सूत्रसंचालक चक टॉड वेल्करना म्हणाले की तुम्हाला या अडचणीत टाकल्याबद्दल आपल्या वरिष्ठांनी तुमची माफी मागायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी एमएसएनबीसीचे सूत्रसंचालक जो स्कारबरो आणि मिका ब्रेझिन्स्की बोलले, रात्री तिथल्याच रेचल मॅडो बोलल्या. खिसेकापूला कोणी विमानतळाच्या सुरक्षा तपासणीवर नेमतं का, हा मॅडो यांचा दाखला पुढे बराच फिरला. मंगळवारी नेमणूक मागे घेतली गेली.

आता इथे एक रास्त शंका येते, आणि मला ती टाळायची नाही. स्टील प्रेक्षकांना चालतात ते त्यांना ऐकायचं असतं तेच बोलतात म्हणून, असं कोणी म्हणेल. २०२०मध्ये त्यांनी उघडपणे बायडन यांना पाठिंबा दिला होता. निकोल वॉलेस यांचंही तसंच. धाकट्या बुश यांच्या व्हाइट हाउसमध्ये त्या कम्युनिकेशन्स डायरेक्टर होत्या, २००८मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन आणि सेरा पेलिन यांच्या प्रचारात वरिष्ठ सल्लागार. मे २०१७मध्ये त्यांना दुपारी चारचा कार्यक्रम मिळाला तेव्हा मी वैतागलो होतो. इराक युद्धाच्या काळात ज्यांच्या बाजूनं त्या बोलत होत्या ते मी विसरलो नव्हतो. वर्षभरात मत बदललं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडं मत माझं बदललं आणि बरंच त्यांचंही. करकपात, गर्भपात, बंदूक कायदा यांवर खराखुरा उजवा युक्तिवाद शांतपणे मांडणारा माणूस या वाहिनीवर मला क्वचितच दिसलाय. ही उणीव खरी आहे. पक्ष सोडून आलेल्यांची रांग लावली म्हणजे दुसरी बाजू आली असं होत नाही, आणि आम्हा प्रेक्षकांना ते सोयीचं वाटतं याचा मला खेद आहे.

तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. वॉलेस यांनी २००८च्या प्रचारानंतर पेलिन यांच्याबद्दल जे वाटलं ते उघड बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यात त्यांचं नुकसान होतं. जुनी माणसं तुटली. किंमत मोजून मत बदललेला माणूस प्रेक्षकाला ओळखू येतो. मॅकडॅनियल यांना, बातम्यांनुसार, वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर मिळणार होते, आणि व्यवस्थापनाला हवा होता तो त्यांचा अनुभव नव्हे तर ट्रम्प यांच्या गोटात उघडणारा दरवाजा, असंच आम्हाला वाटलं.

२०१७ साल याच वाहिनीवर फार बोलकं होतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. ट्रम्प नुकतेच आले होते. उजवीकडे झुकलेल्या फॉक्स वाहिनीतून बाहेर पडलेल्या ग्रेटा व्हॅन सस्टरन यांना जानेवारीत संध्याकाळी सहाची वेळ मिळाली. मे महिन्यात उजवे स्तंभलेखक जॉर्ज विल आले, जूनमध्ये उजवे रेडिओ सूत्रसंचालक ह्यू ह्युइट यांना शनिवारचा कार्यक्रम मिळाला. त्याच वेळी वाहिनीचे रात्रीचे जुने सूत्रसंचालक लॉरेन्स ओडॉनेल यांचा करार संपत आला होता आणि नूतनीकरणाचं काही ऐकू येत नव्हतं. एकेक नेमणूक सुटी घेतली तर कशालाच फार अर्थ नव्हता. एकत्र बघितल्या तर प्रेक्षकांना दिशा दिसत होती: रात्री मॅडो आणि ओडॉनेल यांचे आकडे उत्तम येतात, आणि वरची मंडळी मात्र भलत्याच लोकांच्या शोधात आहेत. ओडॉनेल यांच्यासाठी लोकांनी सोशल मीडियावर रान उठवलं, मे संपता संपता करार झाला. व्हॅन सस्टरन यांचा कार्यक्रम जूनअखेर बंद पडला आणि ती वेळ अरी मेल्बर यांच्याकडे गेली.

व्हॅन सस्टरन यांच्या कामात मला खोट दिसली नव्हती. त्या वकील, प्रश्न नेमके विचारायच्या. त्यांच्यावर राग काढणं अन्यायाचं होतं असं मला आज वाटतं. खरा राग नेमणुकीतून ऐकू येणाऱ्या निरोपावर होता: तुम्ही आहातच, आम्हाला दुसरे हवेत.

हे समजायला या प्रेक्षकाचं वय आणि दिवस लक्षात घ्यावा लागतो. केबल न्यूज बघणारे बहुतेक साठीच्या पलीकडचे. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, एकट्या. त्यांची संध्याकाळ घड्याळावर नाही, सूत्रसंचालकांवर चालते. अमुक आले की जेवण, तमुक आले की भांडी, मॅडो असल्या की फोन उचलायचा नाही. तिथला माणूस बदलला तर त्यांच्या लेखी घरात न विचारता कोणी राहायला आल्यासारखं होतं. वर्तमानपत्रातला एखादा स्तंभ नावडला तर पान उलटता येतं. सातच्या वेळेचं पान उलटायचं तर वाहिनीच सोडावी लागते.

आता दुसरा प्रश्न, फरक पडतो का. इथे पैशाची रचना आड येते. केबल कंपन्या प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम वाहिनीला देतात. तुम्ही ती वाहिनी एकदाही लावली नाही तरी तुमच्या बिलातून तिचा वाटा जातो. म्हणजे आज रागानं टीव्ही बंद केला तर आज वाहिनीच्या खिशाला थेट झळ बसत नाही. बसते ती जाहिरातींतून, आणि जाहिरातदाराचं लक्ष असतं प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांतल्या २५ ते ५४ वयोगटावर. माझ्या शेजारीण बाई त्या रकान्यात मोजल्याच जात नाहीत. मार्च २०२४मध्ये निर्णय फिरला तो मुख्यतः कर्मचाऱ्यांमुळे. एनबीसी न्यूज समूहाचे प्रमुख सेझर काँडे यांनी माफीचं पत्र लिहिलं तेही त्यांनाच. प्रेक्षकांचा राग पाठीशी होता म्हणून सूत्रसंचालकांना वरिष्ठांविरुद्ध पडद्यावर बोलायचं बळ मिळालं, इतपत श्रेय मी आम्हाला देईन.

पण प्रेक्षकांच्या रागाला खरी ताकद असते तेव्हा काय होतं, हे बघायचं तर फॉक्सकडे वळावं लागेल. ३ नोव्हेंबर २०२०च्या रात्री फॉक्सच्या निकाल कक्षानं (कोणतं राज्य कोणी जिंकलं याचा अंदाज जाहीर करणाऱ्या गटानं) सगळ्यांच्या आधी ॲरिझोना बायडन यांच्या पारड्यात टाकलं. अंदाज बरोबर निघाला. तिथला अंतिम फरक होता १०,४५७ मतांचा. ट्रम्पसमर्थक प्रेक्षक पिसाळले आणि न्यूजमॅक्स या आणखी उजव्या वाहिनीकडे गेले. ७ डिसेंबरला तर संध्याकाळी सातच्या वेळेत २५ ते ५४ वयोगटात न्यूजमॅक्सनं फॉक्सला एक दिवस मागे टाकलं. जानेवारीत फॉक्सनं निकाल कक्षातल्या क्रिस स्टायरवॉल्ट यांना घरी पाठवलं, आणि सातचा मार्था मॅककॅलम यांचा बातम्यांचा तास काढून तिथे मतप्रदर्शनाचा कार्यक्रम आणला. बरोबर बातमी देणाऱ्याची नोकरी गेली. पुढे मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं फॉक्सवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यात आतले संदेश उघड झाले तेव्हा दिसलं की प्रेक्षक निघून जाण्याच्या भीतीनं ही माणसं किती ग्रासली होती. ट्रम्प यांच्या दाव्याची पडताळणी करणारं ट्वीट केल्याबद्दल जॅकी हाइनरिक या बातमीदार बाईंना काढून टाका, असं फॉक्सचे सूत्रसंचालक टकर कार्लसन यांनी सहकाऱ्यांना लिहिलं होतं. खोट्या आरोपांची किंमत एप्रिल २०२३मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर भरून चुकवावी लागली.

त्यामुळे ‘प्रेक्षकांचं ऐका’ असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मार्च २०२४चा आमचा राग आणि नोव्हेंबर २०२०चा त्यांचा राग बाहेरून सारखाच दिसतो: पत्रं, धमक्या, चॅनेल बदलणं. आत मात्र एका ठिकाणी खोटं खपवून घेतल्याचा संताप आहे आणि दुसऱ्या ठिकाणी खरं सांगितल्याचा. दोन्हींना ‘बबल’, म्हणजे आपल्याच मतांचा बुडबुडा, म्हणून एका पिशवीत टाकणं मला पटत नाही.

सीएनएननं २०२२-२३मध्ये प्रमुख ख्रिस लिक्ट यांच्या हाताखाली राजकीय मध्यावर यायचा प्रयत्न केला. ट्रम्प यांच्यावर टीका करणारे सूत्रसंचालक ब्रायन स्टेल्टर यांचा कार्यक्रम बंद झाला, मे २०२३मध्ये ट्रम्प यांची टाउन हॉल, म्हणजे प्रेक्षकांसमोर थेट प्रश्नोत्तरं, झाली. जुने प्रेक्षक दुखावले, नवे आले नाहीत आणि जूनमध्ये लिक्ट गेले. सप्टेंबर २०२४मध्ये स्टेल्टर परतले.

फेब्रुवारी २०२५मध्ये एमएसएनबीसीनं जॉय रीड यांचा संध्याकाळी सातचा कार्यक्रम बंद केला तेव्हा मॅडो यांनी प्रसारणातच त्याला चूक म्हटलं. मला सातच्या वेळेला रीड यांची सवय होती. त्यांच्या जागी आलेल्या तिघांमध्ये स्टील होते. पहिले आठ-दहा दिवस मी टीव्ही लावलाच नाही, शेजारीण बाईंनीही नाही. मग एका संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून सातलाच आवाज ऐकू आला. विचारलं तर म्हणाल्या, “त्या माणसाची काय चूक? २०२०मध्ये तो कुठे उभा होता ते मला माहितीये.”

तेव्हापासून वाहिनीनं नव्या माणसाचं नाव जाहीर केलं की मीही आधी तेच शोधतो.