बाळ झोपलं की झोपली?

प्रश्न असा आहे: ‘वहिनीला मुलगी झाली. घरात दिवसभर “बाळ उठलं”, “बाळ हसलं” चालू असतं. मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत असताना नपुंसकलिंग कशाला? माझे यजमान हिंदीभाषक. ते “बाळ झोपली” म्हणतात आणि सगळे हसतात. त्यांचं चुकतं कुठे? आणि “वहिनीने मुलीला जन्म दिला” असं घरात कुणीच का म्हणत नाही?’

आधी मनापासून अभिनंदन. आता यजमानांकडे वळू. ‘बाळ झोपली’ हे चूकच. क्रियापद पाळण्यात कोण आहे ते बघत नाही, वाक्यात कोणता शब्द आहे ते बघतं. ‘व्यक्ती’ हा शब्द घ्या. समोर दाढीमिशावाला गृहस्थ असला तरी ‘ती व्यक्ती आली’ असंच म्हणतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तसंच ‘ते बाळ’. हिंदीतून नपुंसकलिंग गेलं, तिथे मुलगा नाही तर मुलगी, दोनच खोल्या. मराठीने, गुजरातीने आणि कोकणीने तिसरी खोली ठेवली आहे, आणि घरातली सगळी पिल्लं तिथेच राहतात.

पिल्लं शब्दशः. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, रेडकू, पाडस, पिल्लू आणि माणसाचं लेकरू, सगळी ‘ते’. ‘लेक’ हा शब्द ‘माझा लेक’ आणि ‘माझी लेक’ असा दोन्हीकडे चालतो, पण त्याला ‘रू’ लागला की मुलगा-मुलगी हा भेद संपतो आणि उरतं ‘माझं लेकरू’. हा ‘रू’ संस्कृत ‘रूप’मधून आला असं मानतात, ‘वत्सरूप’चं वासरू झालं. ‘रूप’ संस्कृतातही नपुंसकलिंगीच. जुन्या छापील पुस्तकांत ‘वासरूं’, ‘लेंकरूं’ असे शेवटी टिंब दिलेले शब्द भेटतात. ते टिंब म्हणजे नपुंसकलिंगाची खूण. १९६२च्या लेखननियमांनी ते काढलं, पण बोलण्यातल्या ‘झोपलं’, ‘उठलं’वर ते अजून टिकून आहे. ‘बाळ’चा प्रवास जरा वेगळा: संस्कृतात ‘बालः’ पुल्लिंगी, मराठीने त्याला उचलून पिल्लांच्या रांगेत बसवलं. हे फक्त आपणच केलेलं नाही. जर्मन भाषेत मूल नपुंसकलिंगी आहे, शिवाय लहानपणा दाखवणाऱ्या प्रत्ययामुळे ‘मुलगी’साठीचा रोजचा शब्दसुद्धा नपुंसकलिंगी. आधुनिक ग्रीकमध्येही मूल ‘ते’च.

शाळेत नपुंसकलिंग म्हटलं की टेबल, पुस्तक, घर अशी यादी पाठ करून घेतात. त्यामुळे ते निर्जीव वस्तूंचं लिंग असा समज घट्ट बसतो आणि ‘मुलीला वस्तू केलं’ असा आक्षेप अधूनमधून येतो. मला तो पटत नाही. घरातलं बोलणं ऐका. ‘शहाणं गं माझं ते’, ‘दमलं का माझं पिल्लू?’ हे आई मुलीलाही म्हणते, मुलालाही, आणि पिल्लू तिशीला आलं तरी म्हणते. (राग आला की हेच लिंग ‘कार्टं’ आणि ‘ध्यान’ म्हणायलाही कामी येतं, ते सोडा.) मराठीत नपुंसकलिंगाला लाडाचा फार मोठा भाग मिळाला आहे.

दुसरं म्हणजे, अजून ओळख न पटलेल्या माणसासाठीही आपण हेच वापरतो. दार वाजलं की ‘कोण आलंय?’ असं विचारतो. बाळंतपणाची बातमी आली की पहिला प्रश्न ‘काय झालं?’, आणि उत्तर ‘मुलगी झाली’. प्रश्नातलं ‘झालं’ उत्तरात ‘झाली’ होतं, कारण मध्ये ‘मुलगी’ हा शब्द आला. बाळ तेच!

आता यजमानांना दिलासा. सर्वनामात मोकळीक आहे. ‘आमचं बाळ आता हसायला लागलंय. ती हसली की खळी पडते.’ हे अस्सल मराठी आहे. पहिल्या वाक्यात शब्दाचा मान राखला, दुसऱ्यात मुलीचा. ‘आमची बाळ’ मात्र चालणार नाही. ‘बाळ आला’ चालतं, पण तेव्हा ते विशेषनाम असतं. टिळकांचं नाव खरं तर केशव, ‘बाळ’ हे घरातलं हाक मारायचं नाव, तेच पुढे जगाने घेतलं. फरक विभक्तीत पटकन दिसतो: तान्ह्याला घ्यायचं असेल तर ‘बाळाला घे’, आणि बाळ नावाच्या काकांना बोलवायचं असेल तर आज बहुतेक जण ‘बाळकाकांना’ किंवा नुसतं ‘बाळला’ म्हणतात.

राहिलं ‘जन्म दिला’. ‘वहिनीला मुलगी झाली’ या वाक्यात कर्ता कोण? मुलगी. ‘झाली’ हे तिच्याकडे बघून. वहिनी ‘ला’ लावून बसली आहे, ‘मला आनंद झाला’मधल्या ‘मी’सारखी. मुलगा असता तर ‘झाला’, जुळं असतं तर ‘झालं’. जगात येऊन तास होत नाही तोच बाळ वाक्यातलं क्रियापद आपल्या मागे फिरवतं. याउलट ‘वहिनीने मुलीला जन्म दिला’ म्हणा. ‘दिला’ कुणासाठी? वहिनीसाठी नाही, मुलीसाठीही नाही. ते ‘जन्म’ या पुल्लिंगी नामासाठी! दोघी बायका ‘ने’ आणि ‘ला’ लावून बाजूला, आणि मधोमध एक भाववाचक नाम. वाक्य चूक नाही, बातमीत किंवा चरित्रात शोभतं. पण फोनवर कुणी असं कळवलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, बातम्या लागल्या.

यजमानांना ‘बाळ’ फारच जड जात असेल तर ‘छकुली’ म्हणू द्या. ‘छकुली झोपली’वर कुणाला हसता येणार नाही.