आनाच्या उंचीवरून क्रांती

लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेला, फारसा चर्चेत नसलेला फ्रेंच कौटुंबिक सिनेमा तुम्ही विचारलात, आणि मुलाला रडवून आपल्याला रडवणारा नको, ही अटही घातलीत. माझ्याकडे उत्तर तयार आहे : ज्युली गावरासचा 'ला फोत आ फिदेल' (म्हणजे 'चूक फिदेलची', २००६). 'Z' हा गाजलेला राजकीय सिनेमा करणारे दिग्दर्शक कोस्टा-गावरास तिचे वडील. तिची ओळख बहुतेकदा तिथेच संपते, याचं मला वाईट वाटतं.

काळ १९७०-७१, गाव पॅरिस. नऊ वर्षांची आना बागेच्या मोठ्या घरात राहते, कॅथलिक शाळेत जाते. बाबा मूळचे स्पॅनिश, पेशाने वकील; आई मासिकात लिहिते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या विरोधात असलेल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर आनाची आत्या आपल्या मुलीला घेऊन यांच्याकडे येते आणि आईबाबा हादरतात. दोघं चिलीला जाऊन येतात ते तिथले समाजवादी नेते अयेंदे यांचे पाठीराखे होऊनच. मग मोठं घर जातं, लहान फ्लॅट येतो, रात्री दाढीवाल्या कार्यकर्त्यांच्या बैठका. सांभाळणारी क्यूबन बाई कम्युनिस्टांच्या नावाने बोटं मोडते. ती गेल्यावर ग्रीक बाई येते, नंतर व्हिएतनामी, आणि दरवेळी ताटातलं जेवणही बदलतं. जगाचं राजकारण आनापर्यंत पोचतं ते असं.

सुरुवातीलाच ती इतर मुलांना सुरी-काट्याने फळ नीट कसं कापायचं ते शिकवत असते. पुढे तेच दाढीवाले संत्रं हातात घेऊन तिला संपत्तीचं वाटप समजावतात. या दोन प्रसंगांमध्ये तिचं अख्खं जग उलटंपालटं झालेलं असतं.

मला सगळ्यात आवडतो तो वर्गातला प्रसंग. 'एकजूट' शिकलेली आना सगळ्यांचे हात वर गेलेले बघून स्वतःचाही हात वर करते, आणि नेमकं तेच उत्तर चुकीचं निघतं. एकजूट कुठली आणि मेंढरांसारखं मागोमाग जाणं कुठलं, हा प्रश्न ती घरी आणते आणि आईबाबांना धड उत्तर देता येत नाही. आई गर्भपाताबद्दल बायकांचे अनुभव लिहून घेते (फ्रान्समध्ये १९७५पर्यंत तो बेकायदा होता), तेही आनाच्या कानावर अर्धंमुर्धंच पडतं. कॅमेरा बहुतेक वेळ तिच्याच उंचीवर असल्यामुळे आपल्यालाही तेवढंच कळतं.

नीना केर्वेल-बे या मुलीने कपाळावरची आठी जवळजवळ पूर्ण सिनेमाभर टिकवली आहे, आणि तरी ती कुठेही आगाऊ वाटत नाही. सिनेमा आईबाबांची टिंगल करत नाही, त्यांना थोरही ठरवत नाही. शेवट सांगत नाही. फक्त नव्या शाळेच्या अंगणातला प्रसंग घाईत पुढे ढकलू नका.