व्हिएतनाम, आई आणि सकाळची भवानी

आईला घेऊन बारा दिवस व्हिएतनामला जायचंय, विमानाची तिकिटं सोडून दोघांचं मिळून ऐंशी हजारांत बसवायचंय, पण तिथे भारतीयांना हिडीसफिडीस करतात असे व्हिडिओ पाहून आई धास्तावली आहे, असं तुम्ही लिहिलंय. पैशांची काळजी सोडा, ऐंशी हजारांत नीट होतं. दुसऱ्या काळजीबद्दल मात्र सविस्तर लिहिते. तीनदा जाऊन आल्यावर माझं मत असं झालंय की तिथे आपल्याला जो अपमान वाटतो, त्यातला बराचसा अपमान नसतोच. आणि जो खरोखर असतो, तो वेगळा ओळखता यायला हवा.

२०१९ मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हाची गोष्ट. हनोईच्या जुन्या शहरातल्या एका गल्लीत सकाळी आठच्या सुमारास दुकानं उघडत होती. एका बाईंकडची भरतकामाची पिशवी मला आवडली. त्यांनी कॅल्क्युलेटरवर दोन लाख डाँग (तिथलं चलन) दाखवले, मी सत्तर हजार. चार-पाच वेळा कॅल्क्युलेटर इकडून तिकडे गेला आणि शेवटी ‘नको’ म्हणून मी निघाले. दहा पावलं गेले असेन, तोच मागून जळका वास आला. वळून पाहिलं तर बाईंनी कागदाचा बोळा पेटवला होता आणि मी उभी होते त्या जागेवरून, मग पिशव्यांवरून तो ओवाळत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. शेजारची दुकानदारीण माझ्याकडे एकटक बघत होती. माझा रंग, माझा देश, काय खुपलं असेल यांना, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो सगळा दिवस मी खोलीतच काढला.

संध्याकाळी हॉस्टेलवरच्या मुलीला हे सांगितलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘किती वाजता गेला होतात?’ मग समजावून सांगितलं. दिवसाच्या पहिल्या विक्रीला ते ‘मो हांग’ म्हणतात. म्हणजे आपली भवानी! दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक जसं निघेल तसा दिवस जातो. पहिल्याच गिऱ्हाइकाने घासाघीस करून रिकाम्या हाताने पाठ फिरवली, तर कागद जाळून तो अपशकुन घालवायचा. आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतो, तसंच. माझ्या जागी हनोईचीच बाई असती तरी कागद पेटलाच असता. तुळशीबागेत दुकान उघडता उघडता असा घोळ घालून निघालं, तर आपल्यालाही दोन शब्द ऐकावे लागतातच. तेव्हा नुसता भाव विचारायला सकाळी जाऊ नका. दुपारी जा, हसत घासाघीस करा, कोणी काही म्हणत नाही.

हॉटेलात पासपोर्ट मागून घेतात, तो संशय नव्हे. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं मालकावर बंधनकारक आहे. नोंद झाली की आठवणीने परत मागून घ्या. आणि आईंना कोणी वय विचारलं तर त्यांनी राग मानू नये. त्या भाषेत समोरच्याला दादा, ताई, मावशी, काका असं नातं लावूनच बोलतात, आणि वय कळल्याशिवाय नातं लावता येत नाही! आईंना ‘चि ओई’ एवढं शिकवा. ‘अगं ताई’ म्हणून हाक मारायची झाली की हे म्हणायचं. भाजीवाली, चहावाली, सगळ्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो, हे मी स्वतः पाहिलंय.

खाण्याचं आईंसाठी सोपं आहे. ‘चाय’ म्हणजे शाकाहारी, आणि ‘क्वान चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळी सगळ्या शहरांत आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा तिथे जागा मिळणं कठीण. सोयाबीनचे कोळंबीसारखे दिसणारे तुकडे ताटात आले तर आई दचकतील, आधी सांगून ठेवा. साध्या खानावळीत मात्र भाजीतही माशांचा रस, ‘नुओक माम’, घालतात.

फसवणूक होते, पण ती सगळ्याच परदेशी लोकांची होते. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या आहेत. पहिली साधारण सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना शून्यं मोजा. फळांची कावड खांद्यावर देऊन ‘फोटो काढा’ म्हणणाऱ्या बायका नंतर पैसे मागतात. रिक्षा-टॅक्सीच्या भांडणात पडण्यापेक्षा ग्रॅब हे गाडी बोलावायचं अ‍ॅप वापरा. व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एकदाच प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. तशाच नावाची दलालांची संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात.

आता खऱ्या अपमानाबद्दल. दुसऱ्या खेपेला समुद्रकाठच्या एका गावात आमच्या पुढच्या युरोपियन जोडप्याला मालकाने हसून किल्ली दिली. आमच्याकडे आगाऊ अनामत मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, इंडियन लोक एका खोलीत पाच जण राहतात, खोलीत स्वयंपाक करतात. आपल्यातल्या काहींनी तसं केलं असेलही, पण त्याची शिक्षा मला का? हा पूर्वग्रहच होता, आणि त्याला दुसरं नाव देऊन मी स्वतःची समजूत काढणार नाही. आम्ही पिशव्या उचलल्या आणि तीन घरं पलीकडे खोली घेतली. तिथल्या आजींनी काही न विचारता माझ्या आईला उकडलेलं रताळं आणून दिलं. म्हणून सांगते, प्रत्येक ठिकाणी पहिल्या रात्रीपुरतंच आरक्षण करा, माणसांचा आकडा खरा लिहा, आणि भारतीय कुटुंबांनी अलीकडे लिहिलेले अभिप्राय वाचून मगच जागा निवडा. आईंसमोर वाद घालत बसू नका, सरळ निघा.

मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या शहराहून सुमारे चाळीस किलोमीटरवर ‘मी सन’ नावाची जागा आहे, तिथल्या जुन्या चाम राज्याच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरं. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजीचं काम केलंय आणि २०२० मध्ये त्या कामातच अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. आईंना तिथे सकाळी लवकर न्या, दहानंतर ऊन सोसवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तारखा मात्र धरू नका, होई आनमध्ये तेव्हा नदीचं पाणी रस्त्यावर येतं. मार्च उत्तम.