दोनदा औषध लावूनही खरूज जात नाही, घरच्या घरी आणखी काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॉक्टरांनी दिलेलं पर्मेथ्रिनचं क्रीम दोनदा लावलं, घरातल्या झाडून सगळ्या चादरी आणि पडदे उकळून काढले, गाद्यांवर फवारा मारला, तरी रात्रीची खाज थांबत नाही. शिवाय आता बायकोचंही मनगट खाजायला लागलंय.

मी डॉक्टर नाही. त्वचारोगाच्या ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवायचे. ते लावायचं कसं, हे समजावून सांगणं माझ्याकडे असायचं. ‘औषधच लागू पडत नाही’ म्हणून परत आलेल्या पेशंटला दोन-चार प्रश्न विचारले की बहुतेक वेळा गाडी कुठे अडली ते कळायचं. तुमच्या बाबतीत मला ती बायकोच्या मनगटाशी अडलेली दिसते.

तिला औषध लावलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लावलं नसणार, कारण तोवर तिला खाजतच नव्हतं. सगळा घोळ इथेच होतो. खरूज होते ती कातडीत राहणाऱ्या एका बारीक किड्यामुळे, पण तिची खाज ही किड्याच्या चालण्याची नसते. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्यावर आपल्या शरीराची जी ॲलर्जी उठते, तिची ती खाज असते. आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते तेव्हा ही ॲलर्जी उठायला २ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे एखाद्या माणसाच्या अंगावर महिनाभर किडे असू शकतात, त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते आणि त्याला स्वतःला मात्र काहीच जाणवत नाही. तुम्ही औषध लावून स्वच्छ झालात, पुन्हा त्याच अंथरुणात शेजारी झोपलात आणि किडा परत तुमच्याकडे आला. दुसऱ्या वेळी शरीर त्याला ओळखत असतं, त्यामुळे १ ते ४ दिवसांतच खाज सुरू होते. मग वाटतं, पहिली गेलीच नव्हती.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं. खाजत असो वा नसो. यात पोरंबाळं आली, म्हातारी माणसं आली, रूममेट आले, मुलाला दिवसभर कडेवर घेऊन सांभाळणारी बाईही आली. आज मी, उद्या तू, रविवारी आई, असं केलंत तर ते न केल्यासारखंच आहे. सगळ्यांना पुरेल इतकं औषध मात्र आधी हाताशी असू द्या. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला साधारण ३० ग्रॅम क्रीम लागतं, धिप्पाड माणसाला त्याहून जास्त. एक ट्यूब चौघांत वाटून घेतलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातल्या कुणालाच धड औषध मिळालेलं नसतं.

आता चादरींबद्दल. तुम्ही त्यात जी मेहनत घेतलीत ती वाचून वाईट वाटलं, कारण खरूज पसरण्यात कपड्यांचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने याची रीतसर परीक्षा घेतली होती. सैन्यात खरूज माजली होती आणि ब्लँकेटं निर्जंतुक करण्यात प्रचंड खटाटोप चालला होता. मेलनबीने युद्धाला तत्त्वतः नकार दिलेले काही तरुण स्वयंसेवक म्हणून घेतले, त्यांना खरजेच्या पेशंटांची न धुतलेली ब्लँकेटं दिली आणि त्यांत उघड्या अंगाने झोपायला लावलं. लागण फारच थोड्यांना झाली. खरूज खरी पसरते ती कातडीला कातडी बराच वेळ लागून. एका अंथरुणात झोपणं, मूल कुशीत घेणं, शरीरसंबंध, आजारी माणसाची सेवा ही तिची मुख्य वाट. उभ्या उभ्या केलेल्या हस्तांदोलनाने ती सहसा लागत नाही.

किडा माणसाच्या अंगापासून दूर झाला की साधारणपणे २-३ दिवसांत मरतो. त्यामुळे कपड्यांचं काम एका संध्याकाळचं आहे. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल ५० अंशांच्या वरच्या गरम पाण्यात धुवायचे आणि कडक वाळवायचे. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं. कपाटातल्या घडीच्या कपड्यांना हात लावू नका, पडद्यांनाही. आणि गाद्यांवरचा तो फवारा बंद करा. त्याचा उपयोग नाही, उलट तो नाकातोंडात आणि कातडीवर जातो. कुत्र्या-मांजरांची लूतही वेगळी असते. तो किडा माणसाला चार दिवस खाजवेल, पण माणसावर वस्ती करत नाही.

खरी मेहनत हवी ती अंगावर. लोक औषध जिथे खाजतं तिथे लावतात. अंगभर पुरळ दिसतं म्हणजे अंगभर किडे असतील असं वाटतं, पण साध्या खरजेत मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगावर फार तर १०-१५ किडे असतात. पुरळ ॲलर्जीचं असतं, ते भलतीकडेच उठू शकतं. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरची. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा करून राहते आणि रोज २-३ अंडी घालते. अंडी ३-४ दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. अशी एक मादी नखाखाली किंवा अंगठीखाली वाचली तरी पुरते.

तेव्हा रात्री, अंग थंड आणि कोरडं असताना लावा. आधी कढत पाण्याने आंघोळ करून अंग घासून काढायची जुनी पद्धत आहे, ती नको. त्याने कातडी सोलवटते आणि औषध लावलं की आग होते. नखं कापा. अंगठ्या, घड्याळ, कडी, बांगड्या काढून ठेवा. जबड्याच्या खालपासून तळपायापर्यंत, एक इंचही न सोडता, क्रीम चोळून जिरवायचं. हाताची बोटं एकेक फाकवून बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपरांवर, काखेत, स्तनाग्रांभोवती, बेंबीच्या आत, कमरेला जिथे इलॅस्टिक बसतं तिथे, ढुंगणाच्या फटीत, जननेंद्रियांवर, पायाच्या बोटांमध्ये. शेवटच्या तीन-चार जागा सांगताना समोरचा माणूस मान खाली घालायचा, आणि नेमक्या त्याच राहून जायच्या. नखांखाली क्रीम जाण्यासाठी जुना मऊ टूथब्रश वापरा आणि मग तो फेकून द्या. पाठीला दुसऱ्याची मदत घ्या, स्वतःचा हात मधोमध पोचत नाही.

तान्ह्या बाळांना आणि फार म्हाताऱ्या माणसांना डोक्याची कातडी, कानामागे आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सोडून. बाळ हात चोखतं म्हणून हातांवर मोजे चढवा. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन धुवावेत आणि नंतर पुन्हा लावावं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर स्वतःच्या मनाने काही न करता आधी डॉक्टरांना विचारा.

पर्मेथ्रिन ५ टक्के असेल तर ते ८ ते १४ तास अंगावर राहायला हवं. यातली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे हात. क्रीम लावलं, मग पाणी प्यायला उठलो, बाथरूमला गेलो, हात धुतले. बेचक्यातलं आणि मनगटावरचं औषध गेलं, आणि किड्यांचा आवडता मुक्काम तर तोच. दर वेळी हात धुतल्यावर हातांना पुन्हा लावायचं. सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. त्या दिवशी ऑफिसला किंवा शाळेत जायला हरकत नाही.

हेच सगळं, सगळ्यांनी मिळून, ७ दिवसांनी पुन्हा. पहिल्या वेळी अंड्यांतून जे वाचलं ते एव्हाना बाहेर आलेलं असतं आणि त्याने नवी अंडी घालायच्या आत त्याला गाठायचं असतं. तुम्ही दोनदा लावलं म्हणता, पण मध्ये किती दिवस गेले ते लिहा. दुसऱ्याच दिवशी लावलं असेल किंवा महिन्याने लावलं असेल, तर ते दुसऱ्या वेळेच्या हिशेबात धरता येत नाही.

आणि आता कृपा करून तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यांदा लावत बसू नका. व्यवस्थित उपचार झाल्यावरही खाज २ ते ४ आठवडे, कधी थोडी जास्तही राहते. मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीत असते, ती कातडी झडून जाईपर्यंत ॲलर्जी चालू राहते. या काळात घाबरून रोज क्रीम थापलं की कातडी कोरडी पडून भाजल्यासारखी होते आणि त्याचीच खाज सुटते. मग आणखी क्रीम. असे लोक आमच्याकडे यायचे, लाललाल अंग घेऊन. डॉक्टर भिंगाखाली तपासायचे तर किडा एकही नाही. अशांना औषध बंद करून साधं मॉइश्चरायझर आणि रात्री खाजेची गोळी एवढ्यावर आराम पडायचा. काखेत किंवा जननेंद्रियांवर तांबूस-तपकिरी गाठी राहिल्या तर त्या काही महिनेही टिकतात. त्यात जिवंत किडा असेलच असं नाही.

मग खरूज खरंच उरलीये हे ओळखायचं कसं? दुसऱ्या वेळचं औषध लावून महिना उलटला आणि नव्या जागी नव्या पुटकुळ्या किंवा बारीक नागमोडी रेघा दिसू लागल्या, तर शंका घ्या. आमच्याकडे एक जुनी युक्ती होती: संशयाच्या जागेवर फाउंटन पेनची शाई चोळायची आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायची. बोगदा असेल तर शाई आत शिरते आणि कातडीवर अर्धा-एक सेंटिमीटरची निळी वेडीवाकडी रेघ उरते. हल्ली डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघतात; रेघेच्या टोकाला इवलासा काळसर त्रिकोण दिसतो, तो किड्याचा पुढचा भाग. तुमचं निदान असं बघून झालंय की नुसतं लक्षणं ऐकून, हेही विचारात घ्या. इसब किंवा ढेकणांचे चावेही असेच खाजतात. उलट, आधी कुणी स्टिरॉइड मिसळलेलं गजकर्णाचं मलम लावलं असेल तर पुरळ दबतं, खाज कमी होते आणि किडे मात्र निवांत वाढतात.

काही ठिकाणी पर्मेथ्रिन पूर्वीइतकं चालत नाही अशी शंका डॉक्टरही व्यक्त करतात, पण त्यावर उपाय आहेत. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात, किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. त्या अंडी मारत नाहीत, म्हणून ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस लागतोच. गरोदर बायकांना आणि १५ किलोच्या आतल्या मुलांना त्या सहसा देत नाहीत. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन माणसाने घेऊ नये. बेन्झाइल बेन्झोएट आणि गंधकाचं मलम हे जुने पर्यायही अजून वापरात आहेत. झाडपाल्याच्या लेपांनी तात्पुरतं गार वाटेल, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. रॉकेल आणि शेतातली कीटकनाशकं तर अंगाला लावायचा विचारही नको.

एक घर माझ्या लक्षात आहे. आई-वडील, दोन मुलं, सगळे औषध अगदी सांगितल्याप्रमाणे लावायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायचे. शेवटी डॉक्टरांनी घरी आणखी कोण असतं ते खोदून विचारलं. अंथरुणाला खिळलेली आजी होती. तिला खाज मुळीच नव्हती, म्हणून तिला कुणी धरलंच नव्हतं. तिला आणलं तेव्हा तिच्या तळहातांवर आणि नखांभोवती राखाडी, जाड, भेगाळलेल्या खपल्या होत्या. घरच्यांना वाटत होतं वयामुळे कातडी सुकलीये. ती खपल्यांची खरूज होती. म्हातारी, अशक्त किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसं, नाहीतर बरेच दिवस स्टिरॉइड घेणारी, यांना ती होते आणि तिच्यात किडे हजारो-लाखोंच्या संख्येत असतात. हिच्या बाबतीत कपडे आणि खोली यांची स्वच्छताही खरंच महत्त्वाची ठरते. तुमच्या घरी असं कुणी असेल तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. गोळ्या आणि क्रीम दोन्ही, अनेक वेळा, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं.

खाजवून फोड पिकले, पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला तरीही आधी दवाखाना. तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याला प्रतिजैविक लागतं. विशेषतः लहान मुलाचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी न्या, कारण कातडीतल्या त्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.